आधी आवाज, मग मुखवटा
जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे सोंगांच्या उत्सवात, आधी संबळ ऐकू येतो, मुखवटा मागून दिसतो; म्हणून महिषासुर जगदंबेसमोर उभा ठाकला की काळजात धस्स होतं. १९९९ च्या ‘सिस्टिम शॉक २’ या व्हिडिओ गेमची पकड मला अशीच वाटते. ‘फॉन ब्राउन’ या अंतराळयानात आपलं सोंग आपणच निवडायचं. गोळ्या मोजक्या, बंदूक वापरून बिघडणारी, कथा मृतांच्या ध्वनिमुद्रित नोंदींतून उलगडणारी. अंगावर धावून येणारे विद्रूप खलाशी माफीही मागतात. एवढी करुण भीती मी दुसऱ्या खेळात अनुभवली नाही. चित्रं आता ओबडधोबड दिसतात, पण टेरी ब्रोशियसच्या आवाजातली शोडॅन ही खलनायकी संगणकबुद्धी अजून थरकाप उडवते. २०२५ मध्ये नवी आवृत्ती आली आहे. हेडफोन लावूनच खेळा.