नाइटनंतरची झोप

आई जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये स्टाफ नर्स होती. नाइट करून सकाळी नऊला घरी यायची, अंघोळ करून दोन घास खायची आणि आतल्या खोलीत आडवी व्हायची. मग आजी बाहेरच्या पायरीवर सूप घेऊन बसायची, निवडायला काही असो वा नसो. दूधवाला, पोस्टमन, हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आलेल्या काकू, कुणालाही ती कडी वाजवू द्यायची नाही. "रातभर जागलीय माझी सून," एवढंच म्हणायची.

आईबाबांचा संसार त्या पायरीनं सावरला, असं मला आज वाटतं. बाबा वाईट नव्हते. पण सणाला आईची ड्युटी लागली की ते गप्प व्हायचे आणि पुढचे चार दिवस घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. एका पाडव्याला आईची दुपारची ड्युटी होती. आठला सुटून ओवाळायला येते म्हणाली होती. रात्रीची सिस्टर आलीच नाही. पुढच्या सिस्टरला ओव्हर दिल्याशिवाय वॉर्ड सोडता येत नाही; कचेरीतली फाइल उद्यावर ढकलता येते, चालू सलाइन नाही. आई थेट सकाळी आली. बाबा रात्री न जेवता झोपले होते. आई दारातच रडायला लागली. आजीनं निरांजन लावलं, पाट मांडला आणि बाबांना हाताला धरून बसवलं. "ओवाळ गं आता. आपल्या घरचा पाडवा आज."

माझी वहिनी पुण्यात एका खासगी रुग्णालयात नर्स आहे. तिच्या घराला पायरी नाही आणि आजीही नाही. तिची आई सांगलीला, माझी आई आता गुडघ्यांनी बसलेली. २०१७च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. वहिनीच्या रुग्णालयात ते आहे. संध्याकाळी सहाला त्याला कुलूप लागतं. दुपारची ड्युटी आठला संपते, नाइट तर तेव्हाच सुरू होते. अगदी छोट्या खासगी रुग्णालयातही नर्सचा पगार २०,०००च्या खाली नको, असं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं २०१६ मध्ये सुचवलं होतं. तेवढ्या पगारात रात्री मूल सांभाळायला बाई कुठून ठेवायची?

मला राग येतो तो इथे. ड्युटी लावताना प्रत्येक नर्सच्या घरी एक आजी आहे असं धरूनच चालतात. त्या आजीला पगार नाही, सुट्टी नाही. ती नसली की तिचं सगळं काम नवराबायकोच्या मधोमध येऊन पडतं. मग भांडण डब्यावरून होतं, सासरच्या लग्नाला न गेल्यावरून होतं. ड्युटीचा कागद लावणाऱ्यांच्या कानावर त्यातलं काहीच जात नाही. वहिनीला आजवर खरा आधार मिळाला तो वॉर्डातल्या मैत्रिणींचा. मुलाला ताप आला की एक जण स्वतःची सुट्टी मोडून डबल करते.

दादा बदलतो आहे. गेल्या महिन्यात त्यानं दाराच्या बेलची तार काढून ठेवली. वहिनीची नाइट असली की तो सकाळी मुलाला घेऊन बागेत जातो, थेट पाळणाघरात सोडतो आणि मग ऑफिस गाठतो. या आठवड्यात मात्र तो कामासाठी नागपूरला गेला आहे.

आज वहिनीची चौथी नाइट. हे लिहून झालं की मी तिच्याकडे झोपायला जाणार आहे. पोराला रात्री दोनला पाणी लागतं, तांब्या उशाशी भरून ठेवायचा आहे.