फोटोबाहेरचा वर्ग

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की आमच्याकडे तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाला बसायचे, असा शिरस्ता आहे. दिवाळी अंकालाही असे एखादे कारीट असावे. लेकीबाळी माहेरी आलेल्या असताना, चकली मोडता मोडता हा लेख वाचणाऱ्यांचे तोंड वाकडे झाले, तर त्यांनी ते शास्त्रापुरते समजावे आणि पुढच्या पानावरच्या गोष्टीकडे वळावे.

मला बोलायचे आहे ते जुन्या वर्गमित्रांच्या संमेलनांविषयी. गेल्या दिवाळीच्या सुटीत, मी ज्या हायस्कुलात शिकवतो तेथे, १९६९ साली मॅट्रिक झालेल्या वर्गाचे असे एक संमेलन भरले. मॅट्रिक त्या वेळी अकरावीला होई. दहावीची परीक्षा १९७५ साली आली. सत्तरी ओलांडलेली माणसे मुंबई-पुण्याहून मुद्दाम आली होती. त्यांनी फेटे बांधले, एकमेकांना टोपणनावांनी हाका मारल्या, आणि मुलांच्या बाकांवर गुडघे न मावणारे आजोबा दाटीवाटीने बसले. मग आठवणी निघाल्या. टाकाची निब मोडल्याची, दौत सांडून सदरा निळा झाल्याची, शनिवारच्या सकाळच्या कवायतीची. १९६२ च्या चिनी आक्रमणात पाचवीच्या पोरांनी गावातून फिरून संरक्षण निधीसाठी पैसे गोळा केले होते. १९६५ साली शास्त्रीजींनी सांगितले म्हणून घरोघरी सोमवारची रात्र उपाशी काढली होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने वसतिगृहातल्या ट्रंका खडखडल्या होत्या. खोटे कशाला बोलू? कोपऱ्यात उभा राहून मीही रंगून ऐकत होतो. असा आनंद कोणाला नकोसा होईल?

पण शेवटी एक गृहस्थ भाषणाला उठले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, वाणी खणखणीत. ते म्हणाले, "आमच्या वेळची शाळा ती शाळा! छडी होती म्हणून आम्ही घडलो. आमच्या वर्गातला एकही मुलगा वाया गेला नाही. आजच्या पोरांना सगळे फुकट मिळते, म्हणून त्यांना किंमत नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मात्र टाळी वाजवली नाही. कारण दोनच दिवसांपूर्वी, या मंडळींच्या स्मरणिकेसाठी नावे हवीत म्हणून, मी शाळेचे जुने जनरल रजिस्टर कपाटातून काढले होते. त्यांनी त्यातली अकरावीची नावे तेवढी उतरवून घेतली. मी मात्र पाचवीपासून वाचत बसलो.

जून १९६२ मध्ये या वर्गात पाचवीला ६१ नावे दाखल आहेत. मॅट्रिकच्या फोटोत माणसे आहेत २४, आणि त्यांतली ७ आठवीला बाहेरगावाहून आलेली. म्हणजे मूळच्या ६१ पैकी फोटोपर्यंत पोहोचली ती १७. बाकीची ४४ मुले कुठे गेली? रजिस्टरात 'शाळा सोडल्याचे कारण' असे एक घर असते. त्यात कोणा बाबू कारकुनाने सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले आहे: 'सतत गैरहजर', 'वडील वारले', 'गुरे राखणे', 'नापास', 'सतत गैरहजर', 'घरगुती अडचण'. 'घरगुती अडचण' हे शब्द मुलींच्या नावांपुढे जास्त आहेत. पाचवीला मुली ९ होत्या; फोटोत दोन आहेत.

त्या नऊ मुलींत एक माझी आई आहे.

ती सहावीत असताना धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिली, ती कायमची. भांडण नाही, रडारड नाही. सोमवारी गेली होती, मंगळवारी गेली नाही, इतकेच. दप्तर पुढे वर्षभर खुंटीला होते. "मास्तर नाहीतर बाई कोणी बोलवायला आले का?" असे मी तिला एकदा विचारले. ती म्हणाली, "कोन येतंय? एक तर बाक रिकामा झाला." तिला अजून पावकी, निमकी, औटकी पाठ आहेत, बाजारात भाजीवाल्याच्या आधी तिचा हिशोब होतो. १९६२ च्या त्या निधीत तिचे १० नवे पैसे होते. आठवणी तिच्याजवळही आहेत. आमंत्रण मात्र नव्हते. मी संयोजकांना विचारले, तर ते सहज म्हणाले, "अहो मास्तर, त्या मॅट्रिकच्या बॅचला कुठे होत्या?"

वर्ग म्हणजे कोण, हा माझा प्रश्न येथे सुरू होतो. शर्यतीत पहिले आलेले धावपटू एकत्र जमून 'आमच्या शर्यतीत कोणी पडलेच नाही' असे म्हणू लागले, तर आपण त्यांना हसू. मग या भाषणांना टाळ्या का वाजवतो? 'वाया गेला नाही' हा शब्द तर फारच बोचणारा आहे. मुले मधूनच शाळा सोडतात त्याला शिक्षणखात्याच्या भाषेत नावच 'अपव्यय' असे आहे. १९२९ साली हार्टोग समितीने त्यावर बोट ठेवले आणि १९६६ साली कोठारी आयोगाच्या अहवालातही तो विषय पुन्हा मांडावा लागला. घटनेच्या ४५ व्या कलमाने १९५० साली म्हटले होते की दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील. ती दहा वर्षे १९६० साली संपली. माझ्या आईने शाळा सोडली ती त्यानंतर. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या १०० स्त्रियांत लिहितावाचता येणाऱ्या २० देखील नव्हत्या. ज्या दशकाला आपण सोन्याचे म्हणतो, त्याचा हा हिशोब आहे.

आणि छडी! छडीने घडलो असे म्हणणारा माणूस छडी सोसून टिकलेला असतो. पुरातून वाचलेल्याने पुराचे गुण गावेत, तसे हे झाले. 'सतत गैरहजर' असा शेरा ज्यांच्या नावापुढे आहे त्यांतले किती जण छडीला भिऊन ओढ्यात लपत होते, हे सांगायला ते तेथे कुठे होते? साक्ष एकाच बाजूची घ्यायची आणि निकाल मात्र साऱ्या वर्गाच्या नावाने द्यायचा, हा कुठला न्याय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतली मारहाण बंद केली. ज्यांना हे वाईट वाटते त्यांनी तसे खुशाल म्हणावे. पण वर्गाचे मत म्हणून म्हणू नये.

'फुकट मिळते' याविषयीही एक शब्द. साठ सालच्या आसपास आपल्याच सरकारने वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या मुलांची फी माफ केली. भाषण करणाऱ्या गृहस्थांच्या नावापुढे रजिस्टरात 'ई.बी.सी.' असा शिक्का आहे. त्यात लाजण्यासारखे काहीच नाही. अभिमान वाटावा असेच ते आहे. लाज वाटावी ती स्वतः शिडी चढून गेल्यावर खालच्याला शिडीवरून बोल लावण्याची.

कोणी म्हणेल, "मास्तर, आम्ही तेव्हा दहा-अकरा वर्षांची पोरे होतो. कोण शाळा सोडते, का सोडते, ते आमच्या हाती होते का?" अगदी खरे. त्या वेळच्या पोरांवर माझा आरोपच नाही. वर्गणी काढून परगावच्या मुलाची परीक्षा-फी भरणारे शिक्षक आणि आपल्या डब्यातली अर्धी भाकरी शेजाऱ्याला देणारी पोरे याच वर्गात होती, हेही मला ठाऊक आहे. पण आज कोणाची आठवण काढायची आणि कोणाला विसरायचे, हे तरी तुमच्या हाती आहे ना?

हे सारे जुने उकरण्याचे कारण जुने नाही. आमचा तालुका दुष्काळी. दिवाळी सरते न सरते तोच कारखान्यांच्या ट्रक येतात आणि ऊसतोडीला निघालेल्या आईबापांबरोबर माझ्या वर्गातली पोरेही टोळीत जातात. सुटीनंतर शाळा उघडते तेव्हा दर वर्षी चार-पाच बाक रिकामे असतात. हजेरी घेताना त्या नावांशी मी थांबतो आणि पुढे जातो. एके काळी कोणा मास्तरने माझ्या आईच्या नावाशी असाच थांबून पुढचे नाव घेतले असेल. पन्नास वर्षांनी माझ्या वर्गातल्या उरलेल्यांनी फेटे बांधून 'आमच्यातला एकही वाया गेला नाही' असे म्हणू नये, एवढ्यासाठी मी हे लिहितो आहे. गेलेल्या पोरांचे नाव घेणारे कोणी उरले नाही, की त्यांना परत आणण्याची घाईही कोणाला उरत नाही.

तेव्हा माझे सांगणे थोडके आहे. संमेलने भरवा, फेटे बांधा, लाडू वाटा. पण आमंत्रणे फोटो पाहून काढू नका, रजिस्टर पाहून काढा. आधी साऱ्या ६१ नावांची हजेरी घ्या. जो हयात असेल तो 'हजर' म्हणेल. जो नसेल त्याचे काय झाले ते शेजारच्याने उठून सांगावे. त्यात तासभर जाईल, भाषणाला वेळ उरणार नाही. न उरेना.

आईला मी विचारून ठेवले आहे. ती म्हणाली, "मला कोन वळखनार? पर बोलावलं तर यीन. बाक तरी बघीन."

रजिस्टर शाळेच्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्याजवळ आहे. मागाल त्या दिवशी काढून देईन.