अब्बांचं दूरदर्शन, नातवंडांचा मोबाईल

हिंजवडीच्या आयटी पार्कमुळे गावाकडची अनेक बिऱ्हाडं इकडे आली. मुलाकडे राहायला आलेल्या अम्मी-अब्बांचा दिवस मात्र फ्लॅटमध्ये सरता सरत नाही. मुलगा-सून कंपनीत, नातवंडं मोबाईलमध्ये. अशा घरांना आम्ही एक सोपा उपाय सुचवतो: रात्री जेवणं झाली की अर्धा तास सगळ्यांनी मिळून जुनं दूरदर्शन पाहा.

यूट्यूबवर आता बरंच सापडतं. गुलजार यांची १९८८ ची 'मिर्झा गालिब' लावा. नसीरुद्दीन शाह यांच्या तोंडचा एखादा उर्दू शब्द नातवंडांना अडला की अब्बा आपसूक उस्ताद होतात. पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी राजस्थानवर केलेला 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' हा लघुपटही पाहा. १९६७ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला 'गोल्डन बेअर' मिळालं. त्यात बोलणं जवळजवळ नाहीच, त्यामुळे लहानांनाही तो कळतो.

मधेच थांबवून विचारा, मोहल्ल्यात पहिला टीव्ही कोणाकडे आला? गप्पा तिथूनच सुरू होतात.

त्या काळी टेप महाग. जुनं पुसून तिच्यावरच नवं भरायची रीत जगभर होती, म्हणून कितीतरी कार्यक्रम कायमचे गेले. आपल्या कपाटातल्या निकाहच्या कॅसेटलाही ओल लागली की बुरशी धरते. ती वेळीच डिजिटल करून घ्या. आणि अम्मी आठवणी सांगू लागल्या की त्यांना विचारून त्यांचा आवाज मोबाईलवर जपून ठेवा.