सकाळची पोटदुखी आणि भरलेली बाटली

जून संपत आला, की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक तक्रार वाढू लागते. मूल आठ ते अकरा वर्षांचे असते, दुखणे पोटाचे असते आणि वेळ शाळेला निघण्याच्या आधीची असते. रविवारी पोट दुखत नाही, दिवाळीच्या सुट्टीतही दुखत नाही. आईवडिलांच्या मनात तीन शंका असतात. जंत आणि अपेंडिक्स या पहिल्या दोन ते मोकळेपणाने बोलतात. तिसरी मुलाला बाहेर पाठवून, आवाज खाली आणून विचारली जाते : “डॉक्टर, नाटक तर करत नसेल ना?”

असाच एक मुलगा गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. वडील चाकणच्या एका कारखान्यात, आई पुण्यात बँकेत आणि घरी आजी. मुलगा नुकताच पाचवीत गेलेला. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे चौथीपर्यंत त्याची शाळा नऊची होती. पाचवीला ही सवलत नाही. जूनपासून शाळा सात वाजता भरू लागली आणि बस साडेसहाला येऊ लागली. जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून दूध पिताच पोटात कळ येऊ लागली.

पहिल्या भेटीत मी जंताचे औषध दिले, दुसऱ्या भेटीत आम्लपित्ताचे. दोन्ही वेळा बाहेर रांग होती आणि दोन्ही वेळा मी त्याच्याशी जेमतेम पाच मिनिटे बोललो. तिसऱ्या खेपेस आईवडील सोनोग्राफीचा अहवाल घेऊनच आले. पोटात लहान लहान लसिकाग्रंथी दिसतात, असे त्यात लिहिले होते. वडिलांनी रात्री मोबाइलवर ‘पोटातील गाठी’ असा शोध घेतला होता आणि त्यानंतर घरात कोणाला झोप लागली नव्हती. वास्तविक अशा छोट्या ग्रंथी निरोगी मुलांतही सर्रास दिसतात आणि केवळ त्या दिसल्या म्हणून घाबरण्याचे काही कारण नसते. हे मी समजावून सांगितले. तरीही आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला नाही. ती म्हणाली, “मी राजीनामा लिहून ठेवलाय. मी घरी असते तर हे झालं नसतं.”

त्या वाक्याने मी थांबलो. एका मुलाच्या पोटदुखीपायी एका बाईची बारा वर्षांची नोकरी जाण्याची वेळ आली होती, आणि आवश्यक ते प्रश्न मी अजून विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना, मी सर्वांना पुन्हा बोलावले. आजीलाही.

शौचास रोज होते का, या प्रश्नाला आईने ‘होत असावं’ असे उत्तर दिले. दहा वर्षांच्या मुलाच्या शौचाचा हिशेब घरात कोणाकडेच नसतो, हे स्वाभाविकच आहे. मग आजी म्हणाल्या, “पाण्याची बाटली मात्र रोज भरलेलीच परत येते. मी ते पाणी तुळशीला घालते.”

मी मुलाकडे पाहिले. बराच वेळ त्याने काही सांगितले नाही. मग हळूहळू कळले, की शाळेत पाचवीचे वर्ग दुसऱ्या इमारतीत आहेत. तेथील शौचालयाच्या दाराला आतून कडी नाही आणि मोठी मुले दार ढकलतात. म्हणून तो शाळेत पाणी पीत नव्हता, लघवीला जात नव्हता आणि शौचाची भावना झाली तरी दाबून धरत होता. घरी सकाळी साडेपाच ते साडेसहा या वेळेत तर घाईखेरीज काहीच नव्हते.

वाचकहो, यात शरीराचे काय होते ते थोडे समजून घेऊ. जठरात अन्न किंवा दूध पोचले, की मोठे आतडे आपोआप आकुंचन पावू लागते. ही निसर्गाचीच योजना आहे आणि सकाळी ती विशेष जोरात चालते. आतड्यात घट्ट मल साठलेला असेल, तर त्या आकुंचनाने कळ येते. मुलाने ती भावना दाबली, की मलातील पाणी शोषले जाऊन तो अधिक कठीण होतो, गुदाशय ताणला जातो आणि कालांतराने भावनाच बोथट होते. काही मुलांचे अंतर्वस्त्र नकळत खराब होऊ लागते. पालकांना तो जुलाब वाटतो, प्रत्यक्षात ते बद्धकोष्ठच असते. ‘रोज होते’ या उत्तरानेही बद्धकोष्ठाची शक्यता संपत नाही, कारण थोडेसे होऊन बाकीचे आत राहू शकते.

त्यात झोपेची भर. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप लागते. हा मुलगा अकराला झोपून साडेपाचला उठत होता. अपुऱ्या झोपेने वेदना अधिक तीव्र वाटते आणि सकाळी भूकही लागत नाही.

म्हणजे मुलगा नाटक करीत नव्हता. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९५८ मध्ये एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत दर दहांतील साधारण एका मुलाला वारंवार पोटदुखी होत असल्याचे आढळले आणि त्यांपैकी बहुसंख्य मुलांत शरीराचा कोणताही आजार सापडला नाही. आजार सापडला नाही, तरी वेदना खरीच असते.

उपाय ठरवताना मी आधी घड्याळ मांडले. मल मऊ ठेवणारे औषध दिले. असे औषध काही आठवडे नव्हे, तर बहुधा काही महिने घ्यावे लागते आणि त्याची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. शौचाची वेळ सकाळवरून दुपारवर नेली. शाळेतून आल्यावर जेवण, त्यानंतर वीस मिनिटांनी दहा मिनिटे शौचालयात बसणे. कमोडवर बसताना पायांखाली लाकडी पाट, म्हणजे गुडघे वर येतात आणि जोर करावा लागत नाही. झाले नाही तरी कोणी बोलायचे नाही. दुपारी आजीला कसलीच घाई नसते, हे त्या घराचे भांडवल होते.

खरी अडचण रात्रीची निघाली. वडील साडेनऊला घरी येत. त्यांच्यासाठी सगळे जेवायचे थांबत आणि अभ्यास त्यानंतर होई. मुलाने पावणेआठला जेवावे आणि नऊला अंथरुणावर असावे, असे मी सुचवले. वडील काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मग मला माझा मुलगा भेटणार कधी?”

या प्रश्नाला औषधांच्या पुस्तकात उत्तर नाही. ते आजींनी दिले. वडील घरातून पावणेआठला निघत आणि साडेसातपर्यंत झोपत. आजी म्हणाल्या, “तू सकाळी उठ. बसपर्यंत तू सोड त्याला.” आईने डब्याची भाजी चिरून ठेवणे, दप्तर आणि गणवेश या गोष्टी रात्रीच उरकायच्या ठरवल्या, त्यामुळे मुलाला सहाला उठणे शक्य झाले. नऊ तास पुरे झाले.

शाळेत आईने वर्गशिक्षिकांची भेट घेतली. मुलामुलींसाठी स्वतंत्र शौचालय असणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच बंधनकारक केले आहे. कडी हा त्या मानाने किरकोळ खर्च. तरी ती बसायला तीन आठवडे लागले.

पोटदुखी एका रात्रीत गेली नाही. महिनाभराने ती आठवड्यातून एकदा उरली. दिवाळीत औषध बंद केल्यावर पुन्हा डोके वर काढले, म्हणून औषध पुन्हा सुरू करावे लागले. फेब्रुवारीत ते हळूहळू कमी करून थांबवले.

आता सावधगिरीचे चार शब्द. पुढील लक्षणे असतील तर घड्याळ मांडत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा : झोपेतून जाग आणणारी वेदना, बेंबीपासून दूर, विशेषतः उजवीकडे खाली दुखणे, ताप, हिरवी उलटी, शौचातून रक्त, वजन घटणे किंवा उंची न वाढणे, लघवीला जळजळ. मुलग्याच्या ओटीपोटात किंवा अंडकोशात अचानक तीव्र वेदना झाल्यास तासाभराचाही विलंब करू नये.

ही लक्षणे नसतील, तर दवाखान्यात येण्यापूर्वी आठवडाभर एक छोटी नोंद ठेवा : झोपण्याची व उठण्याची वेळ, शौचाची वेळ, पोट दुखण्याची वेळ आणि शाळेतून परतलेल्या बाटलीत उरलेले पाणी. घरात दुपारी जे कोणी असते, त्यांनाही विचारा. अशी नोंद हाती आल्यावर पुष्कळदा तपासण्यांची गरज उरत नाही.

त्या आईने राजीनामा दिला नाही. परवा वडील स्वतःच्या रक्तदाबासाठी आले होते. मुलगा आता सहावीत आहे. बसथांब्यापर्यंतची बारा मिनिटे तो अखंड बोलत असतो, अशी प्रेमळ तक्रार त्यांनी केली. मी रक्तदाब मोजला. तो मात्र अजून थोडा जास्त आहे. त्याविषयी पुन्हा कधीतरी.