व्हाइस विकत घेण्यापूर्वी : सुताराच्या पकडीचा इतिहास

१/ सुतारकामाला नव्याने लागलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो लोखंडी व्हाइस घेण्याचा. चांगला महाग पडतो, स्वस्त टिकत नाही, आणि कित्येकांचा उत्साह या दोहोंच्या मध्येच विझतो. माझ्या मते हा सल्लाच इतिहासाला सोडून आहे. लाकूड धरण्याचे साधन सुताराने स्वतः घडवावे, ही शतकानुशतकांची रीत होती. कारखान्यातला ओतीव व्हाइस ही त्यामानाने अगदी अलीकडची गोष्ट.

२/ मुळात व्हाइसवाचूनही उत्तम काम झालेले आहे. बारा बलुतेदारांतला आपला सुतार जमिनीवर बसे, लाकूड पायांनी दाबून धरी आणि वाकस, पटाशी, रंधा चालवी. नांगर, कुळव, पाभर, गाडीची चाके याच बैठकीतून निघाली. जपानी सुतारांची परंपराही व्हाइसशिवायचीच. या पद्धतीला मागास म्हणणाऱ्यांनी बाभळीचा ओंडका तासून आरा बसवून पाहावा.

३/ रोमन लोकांची बाके गुडघ्याइतकी बुटकी असत. जर्मनीतील साल्बुर्ग येथील रोमन किल्ल्याच्या विहिरीत असे एक बाक मिळाले आहे. बाकाला भोके, भोकांत खुंट्या, खुंटीला टेकवलेले लाकूड आणि वर कारागिराच्या शरीराचे वजन, एवढ्यावर रंध्याचे काम भागते. रंध्याचा जोर पुढच्या दिशेने असतो. पुढे अडसर असला की मागून आवळण्याची गरज उरत नाही.

४/ अठराव्या शतकातील फ्रेंच सुतार आंद्रे-जाकोब रूबो याचा सुतारकामावरील ग्रंथ १७६९ ते १७७५ या काळात प्रसिद्ध झाला. रूबो स्वतः पिढीजात सुतार होता, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे. त्याच्या जाडजूड बाकाचा मोठा भरवसा आहे तो अडसरावर आणि होल्डफास्टवर. होल्डफास्ट म्हणजे आकड्यासारखा वाकवलेला लोखंडी दांडा. तो बाकाच्या भोकात सोडायचा आणि डोक्यावर हातोडीचा एक ठोका द्यायचा, की दांडा भोकात तिरपा अडकून लाकूड दाबून धरतो. मागून उलटा ठोका दिला की सुटतो. ना आटे, ना मूठ. कोणत्याही लोहाराला घडवता येईल अशी ही वस्तू आहे, आणि माझ्या यादीत ती व्हाइसच्या आधी येते.

५/ आता मळसूत्राकडे येऊ. पहिल्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या हेरोनने लाकडाच्या भोकात आतून आटे पाडण्याच्या हत्याराचे वर्णन केले आहे. द्राक्षे आणि ऑलिव्ह पिळण्याच्या घाण्यांना लाकडी मळसूत्रे तेव्हापासून लागत होती. पुढे छापखान्याचा दाबही त्याच मळसूत्राने दिला. सुताराच्या बाकावर आलेले मळसूत्र हे या घाण्याचेच धाकटे भावंड.

६/ लंडनच्या जोसेफ मॉक्सनने १६७८ पासून कारागिरीवरील पुस्तिका मासिक हप्त्यांनी काढल्या. त्यांतील चित्रात बाकाच्या पुढच्या बाजूस दोन मळसूत्रांची एक आडवी पकड दिसते. मॉक्सन मुद्रक होता, पृथ्वीगोल बनवणारा होता, सुतार नव्हता. पण आज जगभरचे हौशी सुतार ही पकड त्याच्याच नावाने ओळखतात. दोन जाड फळ्या आणि दोन मळसूत्रे, एवढाच तिचा संसार. खणाच्या कोपऱ्यांचे सांधे कापताना रुंद फळी उभी धरायला हिच्याइतके सोयीचे आणि स्वस्त दुसरे काही नाही.

७/ एकच पकड करायची असेल तर मात्र मी पायाचा व्हाइस निवडेन. बाकाच्या पुढच्या पायालगत उभा, लांब जबडा. वरच्या भागात मळसूत्र. तळाशी आडवी पट्टी आणि तिच्या भोकांत खुंटी. जबडा या खुंटीवर टेकतो, आणि इथे तरफेचा हिशेब येतो. खुंटी वरच्या कडेपासून ७२ सेंटीमीटर खाली आणि मळसूत्र २२ सेंटीमीटर खाली असेल, तर मळसूत्राच्या जोराचा ५०/७२, म्हणजे सुमारे सत्तर टक्के, वरच्या कडेला पोचतो. मळसूत्र बरोबर मध्यावर घेतले तर निम्माच. दोष एकच : लाकडाची जाडी बदलली की वाकून खुंटी हलवावी लागते. कंबर कुरकुरते, पण पैसे वाचतात.

८/ मळसूत्र कोणते घ्यावे? हार्डवेअरच्या दुकानातली २० मिलिमीटरची आट्यांची सळई सर्वांत सहज मिळते. तिचा आटा २.५ मिलिमीटरचा, म्हणजे जबडा ५ सेंटीमीटर सरकवायला २० फेरे. जुन्या लाकडी मळसूत्राला इंचात दोन आटे असत. तेवढ्याच अंतराला त्याचे चार फेरे पुरत. बारीक आटा जोर देतो, जाड आटा वेळ वाचवतो. दोन्ही आपापल्या जागी घट्ट राहतात, कारण आट्यांतले घर्षण मळसूत्राला उलटे फिरू देत नाही. भंगारात मोटारीचा कात्रीसारखा जॅक मिळाला तर त्याचे मळसूत्र सळईपेक्षा सरस. त्याचे आटे चौकटदार असतात, भार सोसण्यासाठीच पाडलेले.

९/ दिवसभर दारे-खिडक्या करणाऱ्या व्यावसायिकाने झटपट उघडणारा लोखंडी व्हाइस अवश्य घ्यावा. त्याच्या वेळेचे मोल त्यातून भरून निघते. माझा आक्षेप आहे तो मधल्या वाटेवरच्या मालाला. पातळ ओतकामाचा, अरुंद जबड्याचा, टेबलाच्या कडेला चिमट्याने लावायचा छोटा व्हाइस रंध्याच्या पहिल्या जोरदार फटक्याला टेबलासकट डुलतो. त्यात ना जुन्या बाकाचा जडपणा, ना नव्या यंत्राची सफाई.

१०/ करायला घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जबडा सागाचा किंवा बाभळीचा, निदान ५ सेंटीमीटर जाड असावा. पातळ फळी मळसूत्राभोवती वाकते आणि टोकाची पकड जाते. आणि खुंटी अशा भोकात घालावी की तळाशी राहिलेली फट धरायच्या लाकडापेक्षा किंचित रुंद असेल. मग जबडा वरून आत कलतो आणि लाकूड वरच्या कडेलाच, जिथे हत्यार चालते तिथे, आधी आवळले जाते.