टाळं कोणी लावलं?

'संप आणि टाळेबंदी यांतील फरक स्पष्ट करा' हा प्रश्न इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पेपरला नेहमीचाच. आपण रात्री एक वाजता झेरॉक्स नोट्स चाळतो. कामगाराने काम थांबवलं तर संप, मालकाने दार बंद केलं तर टाळेबंदी, एवढं लिहून मोकळे होतो. पेपर संपला, विषय संपला! पण अचलपूर-परतवाड्यात शिकणाऱ्या मुलाने तरी हा प्रश्न चार मार्कांवर सोडून देऊ नये, असं मला वाटतं. का, ते पुढे येईलच. सुरुवात मात्र मी कारखान्यापासून न करता हॉकीपासून करतो, कारण खेळाचं नाव निघालं की होस्टेलमध्ये झोपलेला माणूसही उठून बसतो.

गोष्ट आपल्याच राज्यातली आहे. जानेवारी २०१०. पुण्याला बालेवाडीच्या क्रीडानगरीत भारतीय हॉकी संघाचं शिबिर चालू होतं. दिल्लीतला वर्ल्ड कप जेमतेम दीड महिन्यावर आला होता. आणि अशा वेळी शिबिरातल्या २२ खेळाडूंनी सराव करायला नकार दिला. राजपाल सिंग कर्णधार होता. मागणी साधी होती : आमचे राहिलेले पैसे द्या. हॉकी इंडियाने प्रत्येकी २५ हजार रुपये देऊ केले, ते खेळाडूंनी नाकारले. संघाला प्रायोजक आहे, त्याचा पैसा येतो, मग तो जातो कुठे, असा त्यांचा सवाल होता. शेवटी सहारा या प्रायोजक कंपनीने १ कोटी रुपये देण्याची तयारी दाखवली आणि काही दिवसांत सराव पुन्हा सुरू झाला. २८ फेब्रुवारीला याच संघाने पहिल्याच सामन्यात पाकिस्तानला ४-१ ने हरवलं. (पुढे आपण आठवे आलो, ती गोष्ट वेगळी!)

आता तेव्हाची लोकांची प्रतिक्रिया बघा. बरेच जण खेळाडूंच्या बाजूने उभे राहिले, पण दुसरा सूरही होताच, आणि तो आजही आपल्या कॅन्टीनमध्ये ऐकू येतो : "काहून बे, देशासाठी खेळाचं अन् पैसे मांगाचे, हे काय बरं हाय काय?"

या सुरामागे एक जुनी आणि चांगली परंपरा आहे, हे मला मान्य आहे. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी आणि देशी खेळ दाखवायला गेलं होतं. पैसे कमवायला कोणी गेलं नव्हतं. खेळ म्हणजे सेवा, हा संस्कार आपल्याकडे तिथून आला आहे आणि त्याचा अभिमानच वाटतो. पण सेवा ही देणाऱ्याने आपल्या मनाने करायची असते. तिकीट विकणारा, प्रक्षेपण विकणारा, प्रायोजक आणणारा, सगळे व्यवहार करणार आणि सेवा तेवढी खेळाडूने करायची, हे कसं काय?

बोलणाऱ्याचं काय होतं, तेही आपण पाहिलंय. १९९८ च्या बँकॉक एशियाडमध्ये भारताने ३२ वर्षांनी हॉकीचं सुवर्ण जिंकलं. कर्णधार होता खडकीचा धनराज पिल्ले. परत आल्यावर त्याला आणि काही ज्येष्ठ खेळाडूंना 'विश्रांती' देण्यात आली! भत्त्यांबद्दल तोंड उघडल्याची ही शिक्षा आहे, असं तेव्हा उघड बोललं गेलं. एकटा बोलला की विश्रांती मिळते, बावीस जण बोलले की चर्चा होते. एकीचा धडा यापेक्षा सोप्या भाषेत कोणत्या पुस्तकात आहे?

हा झाला संप. आता टाळेबंदी बघू. त्यासाठी थोडं लांब, बर्फावरच्या हॉकीकडे जावं लागेल. आपण बर्फ पाहतो तो रसवंतीवर, पण कॅनडात आइस हॉकीचं स्थान आपल्या क्रिकेटसारखं आहे. अमेरिका आणि कॅनडाची मिळून नॅशनल हॉकी लीग आहे. २००४ साली तिच्यात ३० संघ होते. मालकांचं म्हणणं पडलं की खेळाडूंच्या पगारात आम्ही बुडतोय, तेव्हा पगारावर कमाल मर्यादा लावा. लीगने नेमलेल्या एका अहवालात २००२-०३ च्या हंगामात २७.३ कोटी डॉलर तोटा दाखवला होता. खेळाडूंची युनियन म्हणाली, हा हिशेब आम्हाला मान्य नाही. करार संपला आणि १६ सप्टेंबर २००४ पासून मालकांनी टाळं ठोकलं. लक्षात घ्या, खेळाडू खेळायला तयार होते. दार बंद केलं ते मालकांनी!

पाच महिने वाटाघाटी चालल्या. मधल्या काळात साडेतीनशेहून जास्त खेळाडू युरोपातल्या संघांकडून खेळायला निघून गेले. फेब्रुवारीत गोष्ट अगदी जवळ आली होती. मालक म्हणत होते एका संघाच्या पगाराची मर्यादा ४.२५ कोटी डॉलर, युनियन म्हणत होती ४.९ कोटी. तेवढ्या फरकावर तुटलं. १६ फेब्रुवारी २००५ ला लीगचे कमिशनर गॅरी बेटमन यांनी अख्खा हंगाम रद्द केला. १२३० सामने गेले. स्टॅन्ली कप कोणालाच मिळाला नाही. असं याआधी फक्त १९१९ साली फ्लूच्या साथीमुळे घडलं होतं. उत्तर अमेरिकेत कामगार वादापायी एखाद्या मोठ्या लीगचा पूर्ण हंगाम बुडण्याची ही पहिलीच वेळ.

आणि जुलैमध्ये समेट झाला तो कशावर? मर्यादा ३.९ कोटी डॉलर, शिवाय चालू करारांच्या पगारात २४ टक्के कपात! म्हणजे फेब्रुवारीत जे नाकारलं, त्याहून कमी पदरात पडलं. "बघा, युनियनने वाटोळं केलं," असं म्हणणारे म्हणू शकतात, आणि त्यात तथ्यही आहे. ज्याच्याकडे दम जास्त, तो जास्त दिवस टाळं लावून बसू शकतो. ज्याचं पोट हातावर, तो आधी थकतो. त्या पाच महिन्यांत लखपती खेळाडू युरोपात गेले, पण स्टेडियमवर तिकीट तपासणारा, खाऊ विकणारा, झाडू मारणारा कुठे जाणार होता? त्याची बाजू मांडायला वाटाघाटीच्या टेबलावर कोणी नव्हतं.

पण त्या करारात एक गोष्ट मात्र मोलाची होती. हॉकीचं उत्पन्न म्हणजे नेमकं काय काय मोजायचं, याची व्याख्या लिहून ठेवली गेली आणि त्या उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा टक्केवारीत ठरला. म्हणजे एवढा हंगाम घालवून शेवटी दोघे आले कुठे? तर एका हिशेबाच्या वहीवर! ती वही आधीच दोघांनी मिळून उघडली असती तर १२३० सामने वाचले नसते का? माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. पैसा कमी म्हणून भांडण क्वचितच विकोपाला जातं. हिशेब झाकलेला असतो म्हणून जातं.

वहीच नसेल तर काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. २०१२ साली आपल्याकडे वर्ल्ड सिरीज हॉकी सुरू झाली. आठ संघ, त्यात आपले दोन, पुणे स्ट्रायकर्स आणि मुंबई मरीन्स. पुण्याने फायनल गाठली, शेर-ए-पंजाबकडून ५-२ ने हरले. पुढचा हंगाम आधी लांबणीवर टाकला गेला आणि मग झालाच नाही. खेळाडूंचे पैसे थकल्याच्या तक्रारी आल्या. ना संप, ना टाळेबंदी, ना वाटाघाटी. कॅनडाच्या खेळाडूंचा हंगाम भांडून बुडाला, आपल्यांचा न भांडताच बुडाला!

आता घराकडे येऊ. मुंबईच्या फिनले मिलचं नाव घेऊन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची मिल आपल्या अचलपुरात उभी राहिली. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरचं कोणी ना कोणी तिथे कामाला होतं. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये ती थांबली. देश पुन्हा सुरू झाला, पण मिल काही सुरू झाली नाही. ती सुरू व्हावी म्हणून कामगारांनी पुन्हा पुन्हा आंदोलनं केली. आता सांगा, पेपरमध्ये याला काय लिहायचं? कामगारांनी काम थांबवलं नाही, म्हणून संप नाही. मालकाने कामगारांशी भांडून दार लावलं नाही, म्हणून व्याख्येप्रमाणे टाळेबंदीही नाही. पण टाळं आहे, आणि गेटसमोरच्या चहावाल्याला त्याची व्याख्या विचारायची गरज पडत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही इंजिनियर होणार, आम्हाला काय त्याचं? थांबा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात संप असो की टाळेबंदी, १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली, तर तोही संपच धरला जातो. उद्या आपल्यातला कोणी सुपरवायझर म्हणून ती नोटीस हातात घेणार आहे, कोणी ती लिहिणार आहे. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या आपल्याच वर्गातून भरल्या जाणार आहेत.

म्हणून दोन सवयी इथे, होस्टेलमध्येच लावून घेऊ. पहिली, काही बंद पडलं की "पैशाला हपापलेत लेकाचे" म्हणण्याआधी टाळं कोणी लावलं ते विचारायचं. दुसरी, हिशेब मागायचा आणि हिशेब द्यायचा. मेसचं बिल वाढलं की आपण घोषणा देतो, ताटं वाजवतो, मेस दोन दिवस बंद पाडतो. त्या दोन दिवसांत पोळ्या लाटणाऱ्या मावशींचा रोज बुडतो, याचा विचार कोण करतं? त्यापेक्षा दर महिन्याला किराणा, गॅस, मजुरी यांचा कागद नोटीस बोर्डावर लागू द्या. गॅदरिंगची वर्गणी गोळा करणाऱ्या आपल्या मंडळींनीही तसाच कागद लावावा. (हो, त्यांनीसुद्धा!) हे आधी केलं आणि तरीही दाद मिळाली नाही, तर मग बालेवाडीच्या बावीस जणांसारखं एकत्र बसायला लाजायचं कारण नाही.

चार मार्कांचं उत्तर तर सगळेच लिहितात. पाचवा मार्क कोणी देणार नाही, तरी हे एक वाक्य खाली लिहून या : टाळं कोणीही लावलेलं असो, ते उघडायची किल्ली हिशेबाच्या वहीत असते.