मर्सीकाठचे दोन पक्षी

विलायतेंतील लिव्हरपूल बंदराचें नांव आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचें असेल. तेथें मर्सी नदीच्या काठीं ‘रॉयल लायव्हर बिल्डिंग’ या नांवाची एक भव्य कचेरी १९११ पासून उभी आहे. तिची हकीकत मननीय आहे.

हा प्रासाद कोणा सरदाराच्या वा सावकाराच्या द्रव्यानें उठलेला नाहीं. १८५० सालीं कांहीं कष्टकरी मंडळींनीं ‘लायव्हर’ नांवाच्या मद्यगृहांत जमून एक संस्था स्थापिली. सभासदांनीं नियमितपणें थोडेथोडे पैसे भरावे व घरीं मृत्यु घडल्यास संस्थेनें अंत्यविधीचा खर्च सोसावा, हा तिचा हेतु. गरिबाला दुसऱ्यापुढें हात न पसरतां मूठमाती मिळावी, या साध्या इच्छेंतून ती संस्था वाढली. पुढें जॉर्ज नांवाच्या जुन्या गोदीच्या जागीं तिनें ही कचेरी बांधविली.

पाया ११ मे १९०८ रोजीं घातला. वास्तुकार वॉल्टर ऑब्रे टॉमस. वरून पाहणारास सारें ग्रॅनाइटचेंच भासतें. परंतु आंतील सांगाडा लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचा आहे. एवढ्या थोर इमारतीस ही पद्धति योजल्याचें जगांतील हें आरंभीचें उदाहरण होय. शिखरावरील पक्ष्यांसह उंची ३२२ फूट भरते. मनोऱ्यांवरील घड्याळांच्या तबकड्यांचा व्यास २५ फूट, म्हणजे लंडनच्या प्रसिद्ध घड्याळाहूनही अधिक. नदींतील खलाशांना वेळ दिसावी म्हणून तीन तबकड्या नदीकडील मनोऱ्यावर आहेत. पंचम जॉर्ज बादशहांस राज्याभिषेक झाला त्या दिवशीं, २२ जून १९११ रोजीं, तीं घड्याळें सुरू केलीं.

दोन्ही मनोऱ्यांवर नगराचें चिन्ह असलेले तांब्याचे पक्षी आहेत, प्रत्येकीं १८ फूट उंच. एकाचें मुख नदीकडे, दुसऱ्याचें शहराकडे. हे उडून गेले तर शहर उरणार नाहीं, अशी तेथील लोकांची समजूत आहे.

या पक्ष्यांची आकृति स्टुटगार्ट येथें जन्मलेल्या कार्ल बर्नार्ड बार्टेल्स या काष्ठशिल्प्यानें सिद्ध केली. तो इंग्लंडांत स्थायिक झाला होता. परंतु १९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि केवळ जर्मन म्हणून त्याला आयल ऑफ मॅन बेटावरील छावणींत कोंडलें. युद्ध संपल्यावर, पत्नी लंडनमध्यें असतांही, त्याला जर्मनीस धाडून दिलें. पुढें तो परत आला व १९५५ सालीं निवर्तला. शहरानें त्याचा जाहीर गौरव केला तो २०११ मध्यें, मरणोत्तर!

त्याच वर्षीं मूळ संस्थाही दुसऱ्या संस्थेंत विलीन झाली. कष्टकऱ्यांच्या पैशांतून उठलेली वास्तु मात्र अढळ आहे. मृतांची उपेक्षा होऊं नये म्हणून जन्मलेल्या संस्थेच्या माथ्यावर ज्यानें पक्षी बसविले, त्याची जिवंतपणीं अशी उपेक्षा व्हावी, हें आम्हांस फार लागतें. पक्षी उडून जाण्याची धास्ती बाळगणाऱ्यांनीं त्यांच्या कर्त्याला इतक्या सहज जाऊं द्यावयास नको होतें.